बापपणाचं दरपत्रक

थंडी पडायला लागली की इंग्लंड-आयर्लंडात आणि अमेरिकेतल्या केंटकी राज्यात घोडेवाल्यांची जाडजूड, गुळगुळीत पुस्तकं निघतात. पानोपानी एकेक घोडा. मान ताठ, आयाळ एका बाजूला विंचरलेली, चारही पाय वेगवेगळे दिसतील अशा बेताने उभा. चेहऱ्यावर भाव असा, की हे फोटोबिटो आपल्याला पसंत नाही, घरच्यांच्या आग्रहाखातर आलोय. खाली बापाचं नाव, आईचं नाव, आईच्या बापाचं नाव, मग शर्यती किती, जिंकल्या किती, कमाई किती. आणि अगदी तळाशी ठळक अक्षरांत एक आकडा. हा आकडा घोड्याची किंमत नाही. घोडा विकायला ठेवलेलाच नाही. आपल्या घोडीला त्याच्यापासून एक शिंगरू हवं असेल, तर मोजायची ती रक्कम.

विवाह मंडळाच्या वह्या ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना हे पुस्तक पहिल्या पानापासून ओळखीचं वाटेल. फरक एवढाच, की इथे एकच स्थळ एका हंगामात दीडशे घरी जमतं आणि कोणाचीही तक्रार नसते.

मी ही पुस्तकं आवडीने वाचतो. घोड्यावर मी फक्त माथेरानला बसलो आहे, आणि तेव्हाही आमच्या दोघांचे सगळे निर्णय लगाम धरून चालणारा मुलगाच घेत होता. त्यामुळे माझी ही आवड निव्वळ साहित्यिक आहे. जाहिरात लिहिणाऱ्याचं कसब बघावं. घोड्याची मुलं शर्यती जिंकत असतील, तर पानावर मुलांची नावं असतात. मुलं अजून जन्मायची असतील, तर बापाचं नाव मोठं होतं. मुलं जन्मली आणि हरायला लागली, की आजोबा पुढे येतात. आणि तिन्हींपैकी काहीच जमण्यासारखं नसेल, तेव्हा घोड्याच्या स्वभावाचं कौतुक सुरू होतं: शांत, समंजस, हाताळायला सोपा. स्वभावाचं कौतुक वाचलं की जाणकार पान उलटतात.

दर म्हणाल तर इंग्लंडात न्यूमार्केटजवळच्या फ्रँकेल नावाच्या घोड्याचा 2024 सालचा दर होता साडेतीन लाख पौंड. म्हणजे आजच्या हिशोबाने चार कोटी रुपयांच्या आसपास. फ्रँकेल 14 शर्यती धावला आणि 14 जिंकला; चार वर्षांचा असताना, 2012 साली, निवृत्त झाला. आपल्याकडे निवृत्तीनंतर माणूस सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडायला मोकळा होतो. फ्रँकेलची खरी कमाई निवृत्तीनंतर सुरू झाली. हा बहुधा एकच व्यवसाय असेल, ज्यात पेन्शन पगारापेक्षा मोठी आहे आणि ती मिळवायला पुन्हा कामावरच जावं लागतं.

एवढे पैसे देऊन मिळतं काय, ते कराराच्या बारीक अक्षरांत असतं. बऱ्याच करारांत अट अशी, की शिंगरू जिवंत जन्मलं, स्वतःच्या पायांवर उभं राहिलं आणि आईचं दूध प्यायलं, तरच पैसे द्यायचे. पुढे ते पळेल की नाही, याची हमी कोणी देत नाही. नॉर्दर्न डान्सर नावाच्या कॅनेडियन घोड्याचा दर 1980च्या दशकात दहा लाख डॉलरला गेला, तेव्हा तर शिंगरू जन्मण्याचीसुद्धा हमी नव्हती. पैसे आधी टेकवायचे आणि अकरा महिने देवाचं नाव घ्यायचं. लोक रांग लावून देत होते. हाच घोडा वर्षाचा असताना मालकाने पंचवीस हजार डॉलरला विकायला काढला होता. बुटका म्हणून कोणी घेतला नाही. मग तो 1964ची केंटकी डर्बी जिंकला आणि बुटकेपणाला लोक ‘आटोपशीर बांधा’ म्हणायला लागले.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या अस्सल जातीच्या घोड्यांना कृत्रिम रेतनाची परवानगी नाही. जगात कुठेही असं शिंगरू जन्माला घातलं, तर त्याची वंशावळीच्या वहीत नोंद होत नाही. आणि नोंद नाही म्हणजे ते थरोब्रेडच नाही, मग वाऱ्याशी का शर्यत लावेना. त्यामुळे घोडीला घोड्याच्या दारी न्यावं लागतं. आधी डॉक्टर सोनोग्राफी करून मुहूर्त काढतात. मग घोडीच्या शेपटीला पट्टी, मागच्या पायांत मऊ बूट (लाथ बसली तर चार कोटींचं नुकसान), मानेवर चामड्याची झूल (घोडा चावतो), वरच्या ओठाला दोरीचा फास. एक मोतद्दार घोडी धरतो, एक-दोघे घोडा सांभाळतात, एक जण बाजूला उभा राहून कार्य पार पडल्याची खात्री करतो, आणि बऱ्याच ठिकाणी याचं चित्रीकरणही होतं. उद्या वाद नको. दोन-चार मिनिटांत सगळं आटोपतं आणि मंडळी पुढच्या घोडीकडे वळतात. नावाजलेल्या घोड्याच्या दिवसात अशा दोन-तीन वेळा असतात. प्रणयाचा इतका कोरडा प्रकार मी सरकारी कार्यालयांतही पाहिलेला नाही.

परवानगी का नाही, याची उत्तरं परंपरा, वंशशुद्धी, निसर्ग वगैरे मिळतात. मला त्यातलं एकही पटत नाही. नळ्यांत भरून पाठवता आला असता, तर एकच घोडा हजारो शिंगरांचा बाप झाला असता आणि साडेतीन लाखांचा दर साडेतीनशेवर आला असता. परंपरा टिकते ती अशी.

दुडकी चालीच्या घोड्यांनी ही भीड केव्हाच सोडली. अमेरिकेत त्यांना स्टँडर्डब्रेड म्हणतात. ही घोड्यांची नोकरदार जात. मागे दोन चाकांची हलकी गाडी, तीवर हाकणारा, आणि घोड्याने फक्त दुडकीच धरायची. भरधाव सुटला, तर त्याला आवरून पुन्हा दुडकीवर आणावं लागतं. पळता येत असून न पळण्याची ही शर्यत कोणा हेडमास्तरांनी काढली असावी, असं मला वाटतं. जातीत प्रवेशही परीक्षा घेऊनच: अडीच मिनिटांत एक मैल दुडकत जाऊन दाखवणं, ही अट 1879 साली ठरली. आज या जातीत कृत्रिम रेतन सर्रास चालतं. बाप पागेत चारा खात असतो आणि त्याचं पितृत्व थंड डब्यातून कुरिअरने परगावी जातं.

या जातीचा मूळपुरुष हॅम्बलटोनियन. 1849 साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंज काउंटीत जन्मला. विल्यम रिस्डिक नावाच्या शेतमजुराने तो आईसकट 125 डॉलरला घेतला. आई लंगडी होती, म्हणून मायलेकरांचा भाव एकत्र लावला गेला. पुढे या घोड्याला 1,331 शिंगरं झाली, दर पाचशे डॉलरवर गेला आणि शेतमजूर श्रीमंत झाला. आज अमेरिकेत शर्यतीत दुडकणारा जवळपास प्रत्येक घोडा त्याच्याच वंशातला. कृत्रिम रेतन नसताना त्याने हे सगळं केलं, याबद्दल त्याच्या चिकाटीला दाद द्यायला हवी.

माझा जीव मात्र तिसऱ्याच घोड्यात अडकलेला असतो. त्याचा फोटो कुठल्याच पुस्तकात छापत नाहीत. त्याला टीझर म्हणतात. घोडी माजावर आली आहे की नाही, हे नक्की कळल्याशिवाय कोट्यवधींच्या घोड्याला तिच्याजवळ नेणं धोक्याचं. तिने नापसंती दाखवायची ठरवली, तर ती मागच्या दोन्ही पायांनी दाखवते. म्हणून आधी हा बिनकुळीचा, बहुधा थोराड नाहीतर अगदीच ठेंगणा घोडा पाठवतात. मध्ये फळीची भिंत. त्याने पलीकडून खिंकाळायचं, मान वेळावायची, गोड बोलायचं. लाथा पडल्या तर त्या फळीवर आणि त्याच्या मनावर. आणि घोडी प्रसन्न झाली, तिने मान तुकवली, की त्या क्षणी त्याला बाहेर काढायचं आणि साहेबांना आत आणायचं. हे रोज, सबंध हंगामभर, एकामागून एक घोड्यांसमोर. काही पागांत हंगाम संपल्यावर त्याला एखादी साधी घोडी देतात, असं म्हणतात. दिवाळीचा बोनस.

या पदावरून बढती मिळालेला एक जण मात्र इतिहासात आहे, आणि त्याने सगळा हिशोब चुकता केला. जगातले झाडून सारे थरोब्रेड बापाच्या बाजूने तीनच घोड्यांपर्यंत पोहोचतात. एक बायर्ली टर्क. दुसरा डार्ली अरेबियन, जो 1704 साली थॉमस डार्ली नावाच्या इंग्रजाने सीरियातल्या अलेप्पोहून घरी पाठवला. आणि तिसरा गोडॉल्फिन अरेबियन. हा तिसरा पॅरिसच्या रस्त्यांत पाण्याची गाडी ओढत होता, अशी कथा आहे. ती खरी असेलच असं नाही. पण लॉर्ड गोडॉल्फिनच्या पागेत तो हॉबगॉब्लिन नावाच्या खानदानी घोड्यासाठी टीझर होता, असं सांगतात. एके दिवशी हॉबगॉब्लिनसाहेबांनी रॉक्साना नावाच्या घोडीकडे पाठ फिरवली. तयारी झालेली, मंडळी जमलेली, घोडी खोळंबलेली. मग टीझरलाच पुढे केलं. त्या जोडीला जो मुलगा झाला, तो लॅथ, त्या काळचा नामवंत शर्यतीचा घोडा निघाला. आणि टीझरचं नाव आज तीन मूळपुरुषांत आहे. हॉबगॉब्लिनचं नाव लक्षात आहे ते केवळ त्याने नाही म्हटलं म्हणून.

डार्ली अरेबियनच्या वंशात एक्लिप्स झाला. 1764 साली खग्रास नसलं तरी मोठ्या सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला, म्हणून हे नाव. आपल्याकडे ग्रहणात जन्मलेल्याची शांत करतात. इंग्रजांनी त्याच्यावर पैसे लावले. तो कधी हरलाच नाही. म्हातारपणी खूर बिघडले, तेव्हा त्याला दुसऱ्या गावी नेण्यासाठी मालकाने खास गाडी करवली आणि ती ओढायला घोडे जुंपले. बाकीच्या घोड्यांना त्या दिवशी वर्णव्यवस्था समजली असणार. आजचे शंभरातले पंच्याण्णव थरोब्रेड याच्याच कुळातले. त्याचा सांगाडा लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजात जपून ठेवलाय.

कुळाचा विषय निघाला की मला आमच्या ओळखीचे एक रेसवाले काका आठवतात. पुण्याच्या कॅम्पात राहतात आणि पावसाळी हंगामात रेसकोर्सवर भेटतात. त्यांनी एकदा माझी शिकवणी घेतली.

“हे दोघं भाऊ ना, काका?” मी विचारलं. दोन्ही शिंगरांचा बाप एकच होता.

“छे! भाऊ कसले? आया वेगळ्या आहेत.”

“पण बाप एक आहे.”

“अरे, बापाला वर्षाला दीडशे पोरं. त्याच्यावरून भाऊ मोजायला लागलास, तर सगळं रेसकोर्स चुलतघराणं होईल. आई एक असेल तरच भाऊ. घोडा बघू नकोस, त्याची आई बघ.”

हे अगदी शब्दशः खरं आहे. घोडेवाल्यांच्या भाषेत सावत्र भावंडं फक्त आईकडून होतात. बापाकडून नातं धरतच नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रूस लो नावाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने सगळ्या घोड्यांची घराणी आद्य आयांवरून लावली आणि त्यांना क्रमांक दिले. ते क्रमांक आजही वापरतात. म्हणजे जाहिरात बापाची, पैसे बापाचे, फोटो बापाचा आणि गोत्र आईचं. स्त्री-पुरुष समानतेच्या परिसंवादात हा मुद्दा अजून कोणी मांडलेला मी ऐकला नाही.

इतकं सगळं पाहून, मोजून, क्रमांक लावून होतं काय, तेही सांगितलं पाहिजे. 1983 साली नॉर्दर्न डान्सरचा एक मुलगा, स्नाफी डान्सर, वर्षाचा असताना एक कोटी दोन लाख डॉलरला विकला गेला. त्याआधी कुठल्याही वर्षाच्या शिंगराला एवढी किंमत आली नव्हती. तो एकही शर्यत धावला नाही. सरावातच इतका मंद निघाला, की मैदानावर नेणं प्रशस्त वाटेना. ठीक आहे, रक्त तर आहे, म्हणून त्याला बाप करायचं ठरलं. त्याला सबंध आयुष्यात चार शिंगरं झाली. 2006 साली ‘द ग्रीन मंकी’ एक कोटी साठ लाखांना गेला. एकही शर्यत जिंकला नाही, एकूण कमाई दहा हजार डॉलरच्या थोडी वर. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण ज्याने केली त्याने लिलाव पाहिलेला असणार.

सिगारची गोष्ट याहून वेगळी. हा खरोखर थोर घोडा. ओळीने सोळा शर्यती जिंकलेला. 1996 साली सन्मानाने निवृत्त झाला आणि नव्या कामावर रुजू झाला. चौतीस घोड्या झाल्या. एकही गाभण राहिली नाही. डॉक्टर आले, तपासण्या झाल्या, उपयोग शून्य. सुदैवाने अडीच कोटी डॉलरचा विमा होता, त्याची भरपाई इटलीतल्या कंपनीने दिली. आणि विम्याच्या नियमाप्रमाणे नुकसान झालेला माल कंपनीच्या ताब्यात गेला. सिगार उरलेलं आयुष्य केंटकीच्या हॉर्स पार्कमध्ये लोकांना दर्शन देत मजेत जगला.

पण माझा खरा नायक वॉर एम्ब्लेम. 2002ची केंटकी डर्बी जिंकलेला. जपान्यांनी सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलर देऊन तो नेला. तिथे पोचल्यावर लक्षात आलं, की याला बघण्याच्या कार्यक्रमातच रस नाही. नाना रंगांच्या, नाना उंचीच्या घोड्या समोर आणल्या. तो त्यांच्याकडे बघायचा आणि बघून झालं की दुसरीकडे बघायचा. वर्षानुवर्षं तज्ज्ञ येत राहिले. एवढ्या सगळ्या वर्षांत शिंगरं झाली जेमतेम शंभराच्या घरात; इतर घोडे तेवढी एका हंगामात देतात. शेवटी 2015 साली त्याला केंटकीतल्या म्हाताऱ्या घोड्यांच्या आश्रमात परत पाठवायचं ठरलं. तर अमेरिकेचा कायदा आडवा आला: परदेशातून येणाऱ्या घोड्याला रोग नाही, हे पाहण्यासाठी त्याने दोन माद्यांवर चाचणी देणं सक्तीचं. त्याने तिथेही नकार दिला. मग त्याला खच्ची करून कागदपत्रांची अडचण सोडवली. तत्त्वासाठी इतकी किंमत मोजणारा घोडा मला दुसरा माहीत नाही.

कॅलेंडरचीही या धंद्यात गंमत आहे. उत्तर गोलार्धातल्या प्रत्येक थरोब्रेडचा वाढदिवस 1 जानेवारीला. 31 डिसेंबरला रात्री जन्मलेलं शिंगरू दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाचं होतं आणि आपल्यापेक्षा अकरा-बारा महिन्यांनी मोठ्या पोरांबरोबर त्याला पळावं लागतं. म्हणून सगळ्यांना जानेवारी-फेब्रुवारीची बाळं हवीत. पण घोडी निसर्गतः दिवस मोठे झाल्यावर माजावर येते. मग डिसेंबरपासून पागेत रात्री उशिरापर्यंत दिवे लावून तिला वसंत आल्याचं पटवतात. हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला, व्हॅलेंटाइन डेच्या सुमारास उघडतो. तो संपला, की काही घोड्यांना विमानात घालून ऑस्ट्रेलियाला नेतात, कारण तिथला वाढदिवस 1 ऑगस्टला आणि वसंत नुकता सुरू होत असतो. वर्षातून दोन वसंत, दोन्ही ड्युटीवर. कालिदासाला सुचली नसती अशी शिक्षा.

पुण्याचा या सगळ्याशी संबंध अगदी घरोब्याचा आहे. देशातल्या थरोब्रेड घोड्यांच्या वंशावळीची वही पुण्यात, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या देखरेखीखाली असते. कोण कोणाचा, हा प्रश्न पुण्यात शेवटचा सुटावा, यात मला नवल वाटत नाही. परदेशात पडलेले घोडे इथे येऊन उठतात, असाही अनुभव आहे. नॉर्दर्न डान्सरचाच मुलगा रझीन 1990च्या एप्सम डर्बीत लोकांच्या पैशांचा लाडका होता. शर्यतीत मागे कुठेतरी राहिला. तो हिंदुस्थानात आला, उषा स्टडमध्ये बाप झाला आणि वर्षानुवर्षं इथला अव्वल बाप ठरला. एप्सममध्ये त्याच्यावर पैसे बुडवलेले इंग्रज हे वाचून काय म्हणत असतील, ते छापण्याजोगं नसेल.

आणि पूनावालांचं घराणं. 1946 साली सुरू झालेला घोड्यांचा फार्म. तिथले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, त्यांच्या रक्तापासून औषधी सीरम बनवायला. मग सायरस पूनावालांच्या डोक्यात आलं की घोडे आपले, तर सीरमही आपणच का करू नये. आणि 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. 2021 साली तिथली करोनाची लस घेऊन आपल्यातले बहुतेक जण दंडावर कापूस दाबून खुर्चीत अर्धा तास बसले, त्याच्या मुळाशी कुठेतरी शर्यत न जिंकलेले घोडे आहेत. हे त्यांच्या जाहिरातीत कधीच आलं नाही.

थरोब्रेडची पुस्तकं महाग कागदावर निघतात, म्हणून तेवढंच शास्त्र आहे असं समजू नये. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे मारवाडी, काठेवाडी घोडे येतात आणि नामांकित नरावर घोडी फळवायला लोक दूरदूरहून येतात. तिथे छापील पुस्तक नसतं. मालक स्वतःच पुस्तक. घोडा पंचकल्याणी आहे, गळ्याला देवमण आहे, कपाळाचा भोवरा बघा, कान बघा, टोकं कशी एकमेकांना भिडतात. आईचं, आजीचं नाव विचारा, तोंडपाठ. आणि मुलं किती जिंकली विचारलंत, तर एकदा तुमच्याकडे बघून म्हणणार, “भाऊ, जनावर कसं गुणी आहे ते बघा ना. लहान पोरगं धरेल.”

मी लगेच पान उलटायच्या बेतात असतो, पण यात्रेत पान नसतं.

पुण्याच्या काकांना परवा विचारलं, एवढं कुळ-गोत्र पाठ आहे तर शर्यतीत पैसे कशावर लावता? आईवर, आजीवर की ब्रूस लोच्या नंबरावर?

“तुझी काकू सांगेल त्या नंबरावर,” काका दुर्बीण पुसत म्हणाले. “तिला घोड्यातलं काही कळत नाही. त्यामुळे तिच्या चुका माझ्यापेक्षा कमी होतात.”